सूर्यकिरणला राफेल का नाही, हॉकच का? एका जुन्या इंजिन फिटरचं लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हला एअर शो बघितला, वायुसेनेची हवाई कसरतींची सूर्यकिरण टीम भारी वाटली, मग कुणीतरी सांगितलं की ती विमानं ट्रेनर आहेत, म्हणजे पोरांना उडवायला शिकवायची. तर राफेल, सुखोई दारात उभी असताना शोला ट्रेनर कशाला? ती मुद्दाम वेगळी बनवलेली असतात का? तो धूर कसला? आणि मधली काही वर्षं ही टीम दिसतच नव्हती, ती कुठे गेली होती?

मी वायुसेनेत इंजिन फिटर होतो. नोकरीचा मोठा भाग ट्रेनरच्या फ्लाइट लाइनवर गेला, आधी किरण आणि शेवटी शेवटी हॉक (दोन्ही जेट ट्रेनर, सूर्यकिरण आधी किरणवर होती, आता हॉकवर). सूर्यकिरणमध्ये माझं पोस्टिंग कधीच नव्हतं हे आधीच सांगून टाकतो, पण बिदरला एकाच बेसवर असल्यामुळे त्यांची प्रॅक्टिस रोज डोक्यावर आणि त्यांच्या अडचणी रोज कानावर. उडवण्यातली मजा पायलट लोक जास्त चांगली सांगतील, मी जमिनीवरून जे दिसतं ते सांगतो.

ट्रेनर म्हणजे फायटरची स्वस्तातली आवृत्ती असा एक समज आहे, तो पहिला काढून टाका. ट्रेनर बनवतानाच हे गृहीत धरलेलं असतं की आत बसलेला माणूस चुकणार आहे. त्यामुळे विमान अचानक काही करत नाही, स्टॉल व्हायच्या (वेग कमी पडून पंखांची उचल सुटायच्या) आधी थरथरून सांगतं, स्टिक जेवढी हलवाल तेवढंच वळतं, आज जसं वागलं तसंच उद्या वागतं. आता फॉर्मेशनमध्ये नऊ जणांना एकमेकांच्या विंगटिपपासून पाचेक मीटरवर उडायचंय, तिथे नेमका हाच स्वभाव लागतो ना? मॅक २ ची (आवाजाच्या दुप्पट वेगाची) गरज कुणाला आहे तिथे, सूर्यकिरणचा अख्खा शो साधारण ताशी १५० ते ६५० किलोमीटरच्या मधेच होतो.

दुसरी गोष्ट वळणाची. विमान जितकं जोरात तितकं वळण मोठं, आणि ते नुसतं मोठं नाही, वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतं. ताशी ६०० किलोमीटरनं ४ जी (म्हणजे वजनाच्या चौपट जोर) ओढून सपाट वळण घेतलं तर त्रिज्या येते साडेसातशे मीटरच्या आत. तेच ४ जी ताशी ८०० ला ओढले तर त्रिज्या १३०० मीटर. म्हणजे पूर्ण गोल काढायला अडीच किलोमीटरपेक्षा जास्त रुंद आकाश लागणार आणि तुम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून विमान कुठे गेलं ते शोधत बसणार. ट्रेनर हळू उडतं, वळून पटकन परत येतं आणि शो लोकांच्या डोळ्यासमोर राहतो. रशियन नाइट्स सुखोईवर फॉर्मेशन करतात, जबरदस्त करतात, वाद नाही, पण तो वेगळाच तमाशा असतो, मोठा आवाज, मोठं विमान, मोठी वळणं, आणि खर्च तर विचारूच नका.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. ब्रिटिशांचे रेड अ‍ॅरोज १९६५ च्या पहिल्या सीझनला नॅट ट्रेनरवर होते, १९८० पासून हॉक. फ्रेंच लोकांची टीम अल्फा जेटवर, इटालियन एमबी-३३९ वर, कॅनडाचे स्नोबर्ड्स ट्यूटरवर, सगळे ट्रेनर. अमेरिकन थंडरबर्ड्ससुद्धा तेल महागल्यावर १९७४ मध्ये फॅन्टम सोडून टी-३८ ट्रेनरवर आले होते आणि १९८२ पर्यंत त्यावरच राहिले.

इथे माझ्यातल्या इंजिनवाल्याला एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेड अ‍ॅरोजच्या नॅटमध्ये इंजिन होतं ऑर्फियस, आणि सूर्यकिरण ज्या किरण मार्क २ वर सुरू झाली त्यातही ऑर्फियस. नंतर दोघंही हॉकवर गेले, दोन्हीकडे अडूर इंजिन. मॉडेल वेगळी, पण घराणं तेच. आपल्या ७१ च्या युद्धातल्या नॅट फायटरमध्ये ऑर्फियसच होतं, आणि जग्वारमध्ये आजही अडूर आहे, फक्त त्याला आफ्टरबर्नर (एग्झॉस्टमध्ये जादा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) जोडलेला, हॉकच्या अडूरला नाही. हा आफ्टरबर्नर नसण्याचा मुद्दा धुराच्या वेळी परत येईल, लक्षात ठेवा.

किरणबद्दल मराठी माणसानं थोडं जास्त माहीत ठेवायला हरकत नाही, कारण त्याच्या डिझाइनमागे डॉ. विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत गोटिंगेनला लुडविग प्रांटल या हवेच्या प्रवाहाच्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला माणूस, बंगलोरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात आधी एचटी-२ हे पंख्याचं ट्रेनर उभं केलं आणि मग किरण. किरण पहिल्यांदा उडालं सप्टेंबर १९६४ मध्ये. पहिल्या मार्कला व्हायपर इंजिन, साधारण २५०० पौंड थ्रस्ट (इंजिनचा ढकलायचा जोर), म्हणजे बेताचंच. मार्क २ ला ऑर्फियस आलं तेव्हा आकडा ४२०० च्या आसपास गेला आणि विमानात जीव आला. बिदर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आणि वर मे महिन्यातलं ऊन, हवा विरळ झाली की कुठलंही जेट इंजिन दम टाकतं, त्यामुळे हा जास्तीचा थ्रस्ट आम्हाला कागदावर नाही, रनवेवर दिसायचा.

किरणमध्ये दोघं शेजारी शेजारी बसतात. शिकवायला उत्तम, मास्तरला पोराचा हात कुठे आहे, चेहरा कसा पडलाय सगळं दिसतं. पण फॉर्मेशनमध्ये याची एक अडचण असते जी बाहेरच्या माणसाला सुचत नाही. तुम्ही डाव्या सीटवर असाल आणि लीडर तुमच्या डाव्या हाताला असेल तर काचेतून स्वच्छ दिसतो, तोच उजव्या हाताला असेल तर मधे अख्खं कॉकपिट, रिकामी सीट, कॅनोपीची फ्रेम, आणि त्याच्या पलीकडे लीडर. दोन बाजूंची फॉर्मेशन म्हणजे जवळजवळ दोन वेगळी कामं. हॉकमध्ये सीट एकामागे एक, त्यामुळे दोन्हीकडे नजर सारखीच जाते. हॉकचं कौतुक करताना लोक डिजिटल स्क्रीन वगैरे सांगतात, मला विचाराल तर फॉर्मेशनवाल्याला सगळ्यात मोठा फायदा हा.

आता प्रत्यक्ष फॉर्मेशन. विंगमन, म्हणजे लीडरच्या बाजूला उडणारा पायलट, कशाकडे बघतो? आकाशाकडे नाही, जमिनीकडे नाही, स्वतःच्या मीटरकडे तर जवळजवळ नाहीच. तो लीडरच्या विमानावरच्या दोन खुणा धरतो, समजा विंगटिपचा दिवा आणि बॉडीवरची एखादी खूण, आणि त्या एका रेषेत ठेवतो. रेषा बिघडली की आपण पुढे-मागे किंवा वर-खाली गेलो. लूपमध्ये उलटा असतानाही त्याच दोन खुणा, वर कुठे आणि खाली कुठे हा हिशोब फक्त लीडरचा. म्हणून लीडर गुळगुळीत उडवणारा लागतो, आणि तो कधीही पूर्ण थ्रॉटल लावत नाही, कारण त्यानं सगळी पॉवर वापरली तर मागच्यानं भरून काढायला पॉवर आणायची कुठून. शाळेच्या कवायतीत रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा धावत सुटतो, तसंच इथे, वळणात बाहेरचा थ्रॉटल पुढे, आतला मागे, आणि हे सेकंदासेकंदाला चालू असतं.

यात जेट इंजिनची खोड आडवी येते. आरपीएम खाली असताना थ्रॉटल ढकलला तर इंजिन लगेच उठत नाही, आधी फिरायचा वेग गोळा करतं मग जोर देतं. म्हणून आरपीएम शक्यतो वर ठेवून काम करायचं, आणि वेग झटकन मारायचाच असेल तर एअरब्रेक, म्हणजे हवेला अडवणारी फळी. एका सॉर्टीत (उड्डाणात) थ्रॉटल किती वेळा पुढे-मागे होत असेल याची कल्पना करा, आणि त्या प्रत्येक वेळी टर्बाइनची पाती तापतात, गार होतात, ताणली जातात. आमच्या दृष्टीनं शोच्या विमानाचा एक तास आणि साध्या नॅव्हिगेशन सॉर्टीचा एक तास सारखा नाहीच. एअरफ्रेमचंही (विमानाच्या सांगाड्याचंही) तेच, जी किती वेळा आणि किती ओढले याची नोंद ठेवावी लागते आणि त्यावरून विमानाचं आयुष्य मोजतात. समोरासमोर येऊन क्रॉस करणारी जोडी, तिला सिंक्रो म्हणतात, ती सगळ्यात जास्त जी खाते, त्यामुळे एकच विमान कायम त्या जागेवर ठेवलं तर ते बाकीच्यांच्या आधी म्हातारं होणार, फिरवत राहावं लागतं. रेड अ‍ॅरोजच्या हॉकना तर पुढे फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) मागचे भाग बदलावे लागले होते. (ते क्रॉसिंग बघून तुमच्या पोटात गोळा येतो ना, त्या दोघांमध्ये आडवं अंतर ठेवलेलं असतं, समोरून बघणाऱ्याला ते कळत नाही.)

यावरून तुमचा दुसरा प्रश्न, मुद्दाम बनवलेली असतात का. नाही. लाल-पांढरा रंग आणि धुराची व्यवस्था सोडली तर तेच हॉक मार्क १३२, जे पलीकडच्या स्क्वॉड्रनमध्ये कॅडेट उडवतात. तेच इंजिन, तीच सर्व्हिसिंगची पुस्तकं, तेच स्पेअर्स. फरक असतो तो निवडीत आणि निगुतीत. नऊ विमानं सारखी वागली पाहिजेत. पायलट उतरून लिहितो की डावा पंख जड वाटतोय, एकट्यानं उडताना हा स्नॅग (किरकोळ बिघाड) कुणी लिहिणारही नाही, थोडं ट्रिम करून चालवून घेतील, पण पाच मीटरवर दुसरं विमान असताना हात सतत एका बाजूला दाबून धरायचा म्हणजे अर्ध्या शोत मनगट जातं. मग एअरफ्रेमवाले बसतात त्याच्यामागे, आणि एवढ्याशा जडपणासाठी संध्याकाळ जाते.

सीटबद्दलही सांगतो, कारण तिथे निगुतीचा अर्थ कळतो. हॉकची मार्टिन-बेकर इजेक्शन सीट झीरो-झीरो आहे, म्हणजे विमान जमिनीवर उभं असतानाही पायलटला वर फेकून पॅराशूट उघडतं. नोव्हेंबर २०११ मध्ये रेड अ‍ॅरोजच्या एका हॉकमध्ये जमिनीवर असतानाच सीट सुटली, पायलट वर फेकला गेला आणि मुख्य पॅराशूट उघडलंच नाही, तो गेला. कारण निघालं एक बोल्ट, जो गरजेपेक्षा जास्त आवळला गेला होता त्यामुळे शॅकल (जोडणारी कडी) मोकळं झालं नाही. सैल राहिलेला बोल्ट सगळे शोधतात, जास्त आवळलेला कोण शोधतो. टॉर्क रेंच हातात घेताना हे आठवत नसेल तर त्या माणसानं ट्रेड बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे.

धूर. तो जळका धूर नसतो, ते डिझेल आहे. टाकीतून डिझेल बारीक नळीनं जेट पाइपच्या तोंडाशी आणतात आणि गरम एग्झॉस्टमध्ये सोडतात, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक थेंब बनतात, पांढरा पट्टा दिसतो तो हा. रंग हवा असेल तर डिझेलमध्ये डाय. इथे आफ्टरबर्नरचा मुद्दा, त्या ज्वाळेत डिझेल सोडलं तर ते धूर न होता पेटणार, त्यामुळे साधं इंजिनच याला सोयीचं. रेड अ‍ॅरोजचा हिशोब सांगतो, त्यांच्याकडे एका सॉर्टीत पांढरा साधारण पाच मिनिटं, लाल एक मिनिट, निळा एक मिनिट, बस. म्हणून धूर सारखा चालू-बंद होताना दिसतो, ती स्टाइल नाही, काटकसर आहे. आपल्या हॉकच्या तिरंगी धुराचे पॉड नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत बनलेत, शो बघताना महाराष्ट्रातल्या लोकांनी टाळी वाजवायची तर तिथेही वाजवावी. दिसायला सुंदर, आणि धुवायला वैताग. नळीच्या तोंडाशी काजळी धरते, विमानाच्या पोटावर तेलकट थर बसतो, मागच्या विमानांच्या काचेवर तोच थर, आणि डाय एकदा डांगरीला (कामाच्या कपड्यांना) लागला की ती डांगरी कायमची रंगपंचमीची.

आता टीम कुठे गेली होती ते. सूर्यकिरण १९९६ मध्ये बिदरला उभी राहिली, ५२ स्क्वॉड्रन, सुरुवात सहा किरणवर, १९९८ मध्ये नऊ. त्याआधी १९८२ पासून हंटरवर थंडरबोल्ट्स नावाची टीम होती, ती बंद झाल्यावर बरीच पोकळी होती. सूर्यकिरणचं नाव झालं, श्रीलंकेपर्यंत जाऊन आले. पण पायलट बहुतेक सगळे फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आणि विमानं ट्रेनर, म्हणजे टीम जिथून जेवते तेच ताट कॅडेटचंही. जुलै २००९ मध्ये एचपीटी-३२ हे सुरुवातीचं पंख्याचं ट्रेनर एका अपघातानंतर जमिनीवर बसवलं, त्याच्या इंजिनचं हवेत बंद पडणं जुनंच दुखणं होतं. मग कॅडेटला पहिला धडा द्यायचा कशावर? किरणवर. किरण आधीच वय झालेली, आकडा ठरलेला, त्यात पहिल्या टप्प्याचंही ओझं. आडातच नाही तर पोहोऱ्यात कुठून येणार, फेब्रुवारी २०११ च्या एरो इंडिया या एअर शोनंतर टीमची विमानं शिकवण्याकडे गेली आणि टीम थांबली. लोक हळहळले, आम्हीही, पण निर्णय शंभर टक्के बरोबर होता. २०१३ मध्ये स्विस पिलाटस पीसी-७ आली, पहिल्या टप्प्याचा ताण उतरला, तोपर्यंत हॉकही पुरेशी झाली होती (२००४ च्या करारातली ६६, त्यातली ४२ एचएएलनं इथे बनवायची, २०१० मध्ये अजून ५७ ची ऑर्डर, त्यातली १७ नेव्हीची). मग २०१५ मध्ये थोड्या हॉकवर सूर्यकिरण परत सुरू झाली आणि हळूहळू नऊवर आली.

गोव्याच्या वाचकांसाठी, नेव्हीचीही अशी एक टीम होती, सागर पवन, दाबोळीच्या आयएनएस हंसावर, चार किरण. मार्च २०१० मध्ये हैदराबादला एअर शोमध्ये त्यांचं एक विमान पडलं, आतले दोन्ही अधिकारी गेले आणि ती टीम परत उभी राहिली नाही.

अपघातांचा विषय टाळून पुढे जाणं बरोबर नाही. सूर्यकिरणनं बिदरजवळ २००६ आणि २००९ मध्ये किरण आणि माणसं गमावली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये एरो इंडियाच्या आदल्या दिवशी येलहंकाला सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली, विंग कमांडर साहिल गांधी गेले, बाकी दोघं इजेक्ट होऊन वाचले. विमान कितीही माफ करणारं असलं तरी पाच मीटर म्हणजे पाचच मीटर, आणि शो कमी उंचीवर असल्यामुळे सावरायला खाली हवाच उरत नाही. प्रेक्षकांपासून किती लांब आणि कुठल्या दिशेनं उडायचं याचे नियम जगभर कडक झाले ते १९८८ मध्ये जर्मनीत रामस्टाइनला इटालियन टीमची विमानं आदळून ७० माणसं गेली त्यानंतर. त्यामुळे "अजून जवळून का नाही उडत" असं शेजारचा म्हणाला तर त्याला हे सांगा.

पुढे काय, हेही विचारलंय खाली कुणीतरी. किरणच्या जागी येणारं एचजेटी-३६ पहिल्यांदा उडालं २००३ मध्ये, मग स्टॉल आणि स्पिनमध्ये (स्टॉल होऊन गिरक्या घेत पडण्यात) अडकलं, बरीच वर्षं दुरुस्त्या झाल्या, नाव सितारा होतं ते २०२५ मध्ये यशस केलं. स्पिनमध्ये नीट न वागणारं विमान कॅडेटच्या हातात देता येत नाही, त्यामुळे उशीर झाला तरी ते रेटून पुढे ढकललं नाही हे ठीकच झालं. पहिल्या टप्प्यासाठी आपलं एचटीटी-४० येतंय, त्याची एक लाइन २०२५ मध्ये नाशिकच्या एचएएलमध्येही सुरू झाली. ही दोन्ही भरपूर संख्येनं आली तर सूर्यकिरणच्या हॉकना कुणी हात लावणार नाही, नाही आली तर २०११ परत होऊ शकतं. तेजसवर डिस्प्ले टीम करा असं बरेच जण लिहितात, मला नाही वाटत इतक्यात होईल, फायटर स्क्वॉड्रनच आधी कमी पडतायत तिथे नऊ तेजस शोला कोण सोडेल.

बघायला जाणार असाल तर एक सुचवतो, पुढच्या वेळी लीडरकडे बघू नका, सगळे त्याच्याकडेच बघतात. डायमंडमध्ये सगळ्यात मागचं जे विमान असतं त्याच्यावर नजर ठेवा, ते पुढच्यांच्या वेकच्या (मागे सुटणाऱ्या खवळलेल्या हवेच्या) जरा खाली बसलेलं असतं आणि शेपटीला वरून धक्के खात असतं, दुर्बीण असेल तर त्याची टेल कशी बारीक हलते ते दिसेल. आणि जमल्यास प्रॅक्टिसच्या दिवशी जा, गर्दी कमी असते आणि शो जवळजवळ पूर्णच करतात.